८७ टन जवस आणि एक अंगठा: चॅटवरून उभी राहिलेली कोर्टकेस

मोबाईलवर आपण दिवसभर जे टाइप करत असतो ते लिहिणं म्हणायचं की बोलणं, हा प्रश्न एरवी भाषाशास्त्राच्या वर्गाबाहेर फारसं कुणी विचारत नाही. कॅनडात तो थेट कोर्टात गेला आणि त्याच्या उत्तरापायी एका शेतकऱ्याच्या कंपनीवर ८२,२०० डॉलर २१ सेंट भरायची वेळ आली, व्याज आणि कोर्टखर्च वेगळा. बातमी तेव्हा जगभर फिरली, अंगठ्याचा इमोजी पाठवला म्हणून दंड झाला अशा थाटात, आणि लोकांनी ती हसून पुढे ढकलली. पण तो दंड नव्हताच, करार मोडल्याची भरपाई होती. आणि निकालपत्र शांतपणे वाचलं तर कळतं की त्यात इमोजीपेक्षा माणसांच्या सवयींबद्दल जास्त आहे, दोन पार्ट्या वर्षानुवर्षं एकमेकांशी कशा बोलत आल्या, कोण किती शब्द खर्च करतं, कुणाचा होकार कशाला म्हणायचं. म्हणून ही केस पहिल्यापासून मांडतोय, आणि निकाल कुठे पटतो नि कुठे अडखळायला होतं तेही सांगतोय.

घडलं काय

जागा सस्कॅचेवान, कॅनडाच्या मधल्या सपाट पट्ट्यातला शेतीचा प्रांत. त्याच्या नैऋत्य भागात साऊथ वेस्ट टर्मिनल नावाची धान्य खरेदी करणारी कंपनी आहे. मार्च २०२१ मध्ये या कंपनीच्या खरेदी बघणाऱ्या माणसाने भागातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना एकदमच एक मेसेज टाकला की जवस घ्यायचंय, भाव १७ डॉलर बुशेल, माल पीक निघाल्यावर द्यायचा. जवसाचं एक बुशेल म्हणजे साधारण २५.४ किलो, त्यामुळे टनाला ६६९ डॉलरच्या आसपास भाव पडत होता. मग एका शेतकऱ्याकडे फोनवर बोलणं झालं. फोन ठेवल्यावर कंपनीच्या या माणसाने ८७ टन जवसाच्या, नोव्हेंबरात माल द्यायच्या कराराचा कागद तयार केला, त्यावर शाईने स्वतःची सही केली, मोबाईलने त्या कागदाचा फोटो काढला आणि शेतकऱ्याला पाठवून दिला, सोबत एकच ओळ, जवसाचा करार कन्फर्म करा प्लीज. उत्तरात अंगठा वर केलेला इमोजी आला. बाकी एक अक्षर नाही, नाव नाही, काही नाही.

नोव्हेंबर आला, जवस आलं नाही.

मधल्या काळात काय झालं ते माहीत असायला हवं, नाहीतर शेतकरी नुसता शब्द फिरवणारा वाटतो. २०२१ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या त्या सगळ्या पट्ट्यात जबर दुष्काळ पडला, पिकं करपली, आणि ज्यांनी पुढच्या पिकाचे सौदे आधीच करून ठेवले होते त्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना माल देणं जड गेलं. माल कमी म्हटल्यावर भाव चढणारच. नोव्हेंबरात जवस ४१ डॉलर बुशेलवर होतं. टनात सांगायचं तर ठरलेला भाव ६६९.२६ आणि बाजारभाव १,६१४.०९, फरक ९४४.८३ डॉलर, त्याला ८७ टनांनी गुणा, बरोबर ८२,२००.२१ येतात. कोर्टाने दिलेला आकडा तोच आहे. कुणाला अद्दल घडवायची म्हणून वर एक सेंट लावलेला नाही, कंपनीला तेवढंच जवस बाजारातून घ्यायला जो जास्तीचा पैसा लागला असता तेवढाच.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

शेतकऱ्याने प्रतिज्ञापत्रात सांगितलं ते थोडक्यात असं. अंगठा म्हणजे तुमचा मेसेज मिळाला, एवढंच. करार मान्य आहे असं मी म्हटलेलंच नाही. पूर्ण अटी नंतर फॅक्सने नाहीतर ईमेलने येतील आणि मग मी त्या वाचून सही करेन असं मी धरून चाललो होतो, त्या वेळी कागद वाचायला मला सवड नव्हती. उलटतपासणीत अंगठ्याच्या अर्थाचे प्रश्न सुरू झाले तेव्हा त्याच्या वकिलाने हरकत घेतली, माझा अशील काही इमोजीचा तज्ज्ञ नाही.

कंपनीने इमोजीवर फार वाद घातलाच नाही, तिने जुनं चॅट काढून ठेवलं. माझ्या मते अख्ख्या केसचा जीव त्या जुन्या चॅटमध्ये आहे. दोघांचा व्यवहार २०१२ पासूनचा. आधी भेटीगाठी व्हायच्या, समोरासमोर कागदावर सह्या व्हायच्या. कोविड आला, भेटी बंद झाल्या, आणि नवीन रिवाज पडला तो असा की फोनवर ठरवायचं, कंपनीचा माणूस सही करून फोटो पाठवणार, कन्फर्म करा म्हणणार, आणि शेतकरी उत्तर देणार. ड्युरम गव्हाचे आधीचे करार असेच झालेले. आणि तेव्हा शेतकऱ्याची उत्तरं काय होती? एकदा 'लुक्स गुड', एकदा 'ओके', एकदा 'यप'. प्रत्येक वेळी एवढंच. आणि प्रत्येक वेळी गहू पोचला, पैसे मिळाले, 'ओके' म्हणजे फक्त मेसेज मिळाला असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं.

मग या खेपेला शब्दाच्या जागी चित्र आलं, म्हणून अर्थ बदलला का?

ही तीन उत्तरं नीट बघा, 'लुक्स गुड', 'ओके', 'यप'. कराराच्या कायदेशीर भाषेशी त्यांचा दुरूनही संबंध नाही. हजारो डॉलरच्या व्यवहाराला अक्षरशः एक-दोन शब्द, तेही बोलीतले, खाली नाव नाही. एखाद्याने ही उत्तरं संदर्भ काढून वाचली तर त्याला वाटेल की कुणीतरी कुणाच्या नवीन शर्टाबद्दल बोलतंय. पण त्या दोघांसाठी ती पक्की उत्तरं होती, कारण त्यांच्यामागे दरवेळी पोचलेला माल होता. हा बोलण्याचा आखूडपणा निष्काळजीपणातून येतो असं मला वाटत नाही, तो विश्वासातून येतो. अनोळखी माणसाला आपण पूर्ण वाक्य लिहितो, नाव लिहितो, तारीख टाकतो. वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या माणसाला 'हो' पुरतं, मग 'हं' पुरतं, मग नुसतं चित्र. दोन माणसांमधल्या मेसेजची लांबी वर्षभर मोजत गेलात तर त्यांचं नातं कुठून कुठे गेलं ते बऱ्यापैकी कळेल. आणि तोच विश्वास तुटला की हाच आखूडपणा दोघांच्याही अंगाशी येतो, कारण आता प्रत्येक जण त्या रिकाम्या जागेत आपल्या सोयीचं वाक्य भरतो. एक म्हणतो, मी 'मान्य' म्हणालो असं तू समजलास. दुसरा म्हणतो, मग दरवेळी काय म्हणत होतास?

न्यायाधीशांनी काय केलं

केस सस्कॅचेवानच्या किंग्ज बेंच कोर्टात न्यायमूर्ती टी. जे. कीन यांच्यापुढे आली, निकाल जून २०२३ चा. त्यांनी आधी एक गोष्ट बाजूला केली ती म्हणजे शेतकऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होतं. करारात मनात काय होतं हे बघत नाहीत, वागण्यावरून बाहेरच्या शहाण्या, सगळा संदर्भ माहीत असलेल्या माणसाला काय वाटलं असतं हे बघतात. हा नियम इमोजीच्या कितीतरी आधीचा आहे.

दोन्ही बाजूंचे वकील अंगठ्याचा अर्थ शोधायला इस्रायलपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या केसेस धुंडाळत होते, त्याबद्दल कीन यांनी लिहिलंय की हा तर रोझेटा स्टोनसारखं काहीतरी मिळतंय का याचा लांबलांबचा शोध झाला. उपमा मला फार आवडली, कारण रोझेटा स्टोन या इजिप्तच्या प्राचीन दगडावर एकच मजकूर तीन लिप्यांत होता म्हणून न कळणारी लिपी वाचता आली. इथे तसा दगड बाहेर कुठे सापडणार नव्हता, तो त्या दोघांच्या फोनमध्येच होता. जुने 'ओके' आणि 'यप' हाच वाचता येणारा मजकूर, आणि त्याच जागी, त्याच प्रश्नाला आलेला अंगठा हा त्याच मजकुराचा नवीन लिपीतला अवतार.

कीन यांनी एका ऑनलाइन डिक्शनरीतली व्याख्याही दिलीय, की डिजिटल संवादात, विशेषतः पाश्चात्त्य संस्कृतीत, अंगठा होकार, पसंती किंवा प्रोत्साहन दाखवायला वापरतात. आणि लगेच प्रांजळपणे म्हटलंय की ही व्याख्या कितपत अधिकृत आहे ते मला सांगता येत नाही, पण माझ्या रोजच्या वापराशी ती जुळते, मी तंत्रज्ञानाच्या दुनियेत उशिरा आलेला असलो तरी. निकालपत्रात न्यायाधीश स्वतःच्या रोजच्या वापराचा दाखला देतात हे मला महत्त्वाचं वाटतं. जिवंत भाषेत प्रमाण शेवटी वापराचंच, आणि ते मोकळेपणाने मान्य केलेलं बरं.

त्या व्याख्येतला 'विशेषतः पाश्चात्त्य संस्कृतीत' हा तुकडा मात्र घाईत वाचून सोडण्यासारखा नाही. इराणमध्ये हाच अंगठा पूर्वापार अपमानाची खूण आहे. आणि एकाच देशात, एकाच ऑफिसातही तो सगळ्यांना सारखा वाटत नाही. २०२२ मध्ये यावर ऑनलाइन बरीच चर्चा झाली होती, की कामाच्या चॅटमध्ये वरिष्ठाकडून नुसता अंगठा आला तर तरुण मंडळींना तो तुटक, जवळपास उर्मट वाटतो, आणि वरिष्ठाला वाटत असतं आपण झटपट, आपुलकीने उत्तर दिलं. चिन्ह तेच, पाठवणारा मनापासून बोलतोय, वाचणारा मनापासून दुखावतोय, दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

पूर्णविरामाचंही तेच झालंय. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठात १२६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, त्यात एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम दिला तर टेक्स्ट मेसेजमध्ये ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं, पण तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असताना हा फरक पडला नाही. म्हणजे इतकी शतकं वाक्य संपल्याची निमूट खूण असलेला ठिपका चॅटमध्ये आल्यावर चेहरा करून बसला. असं का होतं? कारण चॅटमध्ये आपण बोलतोय, आणि बोलताना आवाज असतो, चेहरा असतो, हात असतात. लिहिताना ते गळून पडतं, ते कुठूनतरी भरून काढायचं असतं, मग हाताशी येईल त्या चिन्हाला लोक कामाला लावतात. स्कॉट फाल्मन यांनी १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरच्या चर्चेत आडवा हसरा चेहरा सुचवला तो याच गरजेतून, गंमत कुठली आणि गंभीर कुठलं ते कळेना म्हणून. १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ छोटी चित्रं केली, २०१० मध्ये युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला नि चिन्हाला जगभर चालणारा नंबर देणाऱ्या व्यवस्थेने, इमोजी आपल्या यादीत घेतले आणि मग जगातल्या सगळ्या फोनना ते समजायला लागले. पण युनिकोड फक्त एवढं ठरवतं की या नंबरला हा अंगठा दिसेल. त्याचा अर्थ काय ते ठरवायला त्यांनी कुणाला नेमलेलं नाही, नेमताही येणार नाही.

मग ही सही झाली का

इथे केस खरी अवघड होते. सस्कॅचेवानच्या माल विक्री कायद्यात अट आहे की ठराविक रकमेच्या वरच्या सौद्याची लेखी नोंद हवी आणि ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याची त्यावर सही हवी. करार झाला हे ठरलं तरी सही नसेल तर कोर्टात तो चालवता येत नाही. ही अट येते कुठून, तर १६७७ च्या इंग्लंडमधल्या एका कायद्यातून. तेव्हा तोंडी सौद्यांवर खोटे साक्षीदार उभे करून लोकांना लुबाडलं जायचं, म्हणून मोठ्या व्यवहारांना लेखी कागद आणि सही सक्तीची केली. लिहिता न येणारी माणसं तेव्हा भरपूर होती, आणि कोर्टांनी पुढे कागदावरची फुली, आद्याक्षरं, शिक्केसुद्धा सही म्हणून धरले. म्हणजे सही म्हणजे वळणदार अक्षरातलं नाव हा समज आपला, कायद्याला त्यातून फक्त दोन गोष्टी हव्या असतात, हा माणूस कोण आणि याला हे मान्य आहे का.

कीन यांनी नेमकं याच दोन प्रश्नांवर बोट ठेवलं. मेसेज शेतकऱ्याच्या स्वतःच्या, दुसऱ्या कुणाचा नसलेल्या मोबाईल नंबरवरून आला, हे ओळखीचं काम झालं. अंगठा म्हणजे होकार, हे मान्यतेचं झालं. प्रांताचा इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांचा २००० सालचा कायदा आहेच, त्यात मान्यता इलेक्ट्रॉनिक कृतीनेही देता येते असं म्हटलंय. सही करायची ही पारंपरिक रीत नव्हे, पण या परिस्थितीत चालते, असं त्यांनी ठरवलं. शेतकऱ्याच्या वकिलांनी भीती घातली होती की असं चाललं तर उद्या मुठीला मूठ लावणाऱ्या इमोजीचा अर्थ, हस्तांदोलनाच्या इमोजीचा अर्थ, अशा केसेसचा पूर येईल. कीन यांचं उत्तर असं की तंत्रज्ञान आणि लोकांचा वापर यांची लाट कोर्टाला थोपवता येणार नाही, थोपवूही नये, कॅनडाच्या समाजाचं हे नवीन वास्तव दिसतंय आणि कोर्टांना त्याच्याशी दोन हात करायला तयार राहावं लागेल.

अपील झालं. डिसेंबर २०२४ मध्ये प्रांताच्या अपील कोर्टाने ते फेटाळलं, पण दोन विरुद्ध एक असं. तिसऱ्या न्यायाधीशांचं मत सहीच्या मुद्द्यावर वेगळं पडलं. करार झालाय आणि तरी सही झालेली नाही, असं एकाच वेळी म्हणता येतं, आणि मला ते वरवर टाकून देण्यासारखं वाटत नाही. नंबर फोन आपोआप जोडतो, माणूस तो 'करत' नाही. सही करताना माणूस क्षणभर थांबतो, पेन उचलतो, आता मी बांधला जातोय हे त्याला जाणवतं. १६७७ च्या त्या कायद्याने लबाडी रोखलीच, पण हा थांबायचा क्षणही माणसाच्या वाट्याला ठेवला. अंगठा एका टिचकीत जातो, गाडी लावता लावता, दुसऱ्या माणसाशी बोलता बोलता. हा क्षण आपल्या लिहिण्यातून नाहीसा होतोय आणि त्याची भरपाई कुणी करत नाहीये, याची मला खरोखर काळजी वाटते.

तरीही बहुमताचा निकाल मला पटतो, आणि त्याचं कारण पुन्हा तेच जुनं चॅट. अंगठा सही नव्हे म्हणायचं तर 'यप' पण सही नव्हे, 'ओके' पण नव्हे, मग गव्हाचे ते सगळे करारही हवेतच होते असं म्हणावं लागेल, आणि त्या करारांचे पैसे घेताना शेतकऱ्याने तसं म्हटलेलं नाही. सवय दोन्ही बाजूंनी लावली, दोन्ही बाजूंनी तिचा फायदा घेतला.

इस्रायलची ती केस

वकिलांच्या शोधात इस्रायल आलं ते २०१७ च्या एका निकालामुळे. हर्झलियाच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात एक घरमालक गेला होता. घर भाड्याने बघणाऱ्या जोडप्याने त्याला मेसेज पाठवला होता, घर हवंय, तपशील बोलू या, आणि त्यापुढे हसरा चेहरा, नाचणारी बाई, विजयाची दोन बोटं, धूमकेतू, खार, शँपेनची बाटली. मालकाने जाहिरात काढून टाकली, आणि जोडपं हळूहळू गायब झालं. कोर्ट म्हणालं की हा करार नव्हे, पण एवढी आनंदाची चित्रं पाठवून समोरच्याला भरवशावर ठेवलं, तेव्हा वाटाघाटीत प्रामाणिकपणा राखला नाही, आणि ८,००० शेकेल भरपाई द्यायला लावली.

दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक ठळक होतो. इस्रायलमध्ये ढीगभर चित्रं होती आणि तरी करार झाला नाही, सस्कॅचेवानमध्ये एकच चित्र होतं आणि झाला. घरमालक आणि भाडेकरू एकमेकांना ओळखतही नव्हते, त्यांच्यात आधीचं काहीच नव्हतं, म्हणून तिथे चित्रं फक्त मूड सांगू शकली. इथे मागे अनेक वर्षांचा व्यवहार होता. चिन्हाचं वजन चिन्हातून येत नाही, त्याच्या आधी त्या दोघांत काय काय होऊन गेलंय त्यातून येतं.

मिळालं आणि मान्य

आता शेतकऱ्याच्या बाजूने जे सगळ्यात भक्कम वाटतं ते. अंगठ्याला 'मिळालं' आणि 'मान्य' हे दोन्ही अर्थ खरोखर आहेत, त्याने ते ऐन वेळी शोधून काढलेले नाहीत. कुणी पत्ता पाठवला की आपण अंगठा टाकतो, तिथे मान्य करण्यासारखं काही नसतंच. जिथे या दोन अर्थांची गल्लत जिवावर बेतते तिथे लोकांनी ते कधीच वेगळे करून टाकलेत, विमानाच्या रेडिओवर 'रॉजर' म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण मिळालं एवढंच, आणि 'विल्को' म्हणजे कळलं आणि तसं करतो. दोन वेगळे शब्द, कधीच एकमेकांच्या जागी नाहीत. रोजच्या चॅटमध्ये अशी विभागणी कुणी केली नाही. काही ॲप्सनी 'वाचलं' ही खूण मशीनवर सोपवली, व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका २०१४ मध्ये आल्या, पण साध्या टेक्स्ट मेसेजमध्ये ती सोय बहुधा नसते, तिथे मिळालं हे माणसालाच सांगावं लागतं, आणि मग तो तोच अंगठा वापरतो.

आणि एक फरक माझ्या डोक्यातून जात नाही. गोदामात पडलेल्या गव्हाचा सौदा आणि अजून जमिनीतही न गेलेल्या जवसाचा सौदा, दोन्हीला एकच 'ओके' कसा पुरेल? पहिल्यात धोका जवळपास नाही. दुसऱ्यात पाऊस न पडण्याचा सगळा धोका शेतकऱ्यावर, जोपर्यंत करारात दैवी आपत्तीचं, म्हणजे दुष्काळासारख्या संकटात सूट देणारं कलम नाही, आणि असं कलम आहे की नाही हे छोट्या स्क्रीनवरच्या कागदाच्या फोटोत कोण किती बारकाईने बघतं? व्यवहार बदलला तरी बोलायची रीत तीच राहिली. मला वाटतं खरी गफलत इथे आहे, इमोजीत नाही. रीत सवयीने चालते, आणि आता या खेपेला जास्त शब्द लागतील हे रीत कधी सांगत नाही.

मग जास्त शब्द वापरायची जबाबदारी कुणाची? लोक पटकन म्हणतात शेतकऱ्याची, त्याने 'बघून सांगतो' एवढं लिहायला काय झालं होतं. खरंय, तेवढ्या दोन शब्दांनी हा खटला उभाच राहिला नसता. पण मेसेजची दोन टोकं बघा. एका टोकाला कंपनी, तिच्याकडे छापील मसुदा, तो भरणारा पगारी माणूस, आणि अटी तिच्याच सोयीने लिहिलेल्या. दुसऱ्या टोकाला एकटा माणूस, हातात फोन. एकीकडून कायद्याची भाषा येते आणि दुसरीकडून चॅटची भाषा जाते, आणि नंतर कोर्टात दोन्हींना एकाच तराजूत घालतात. जो कायद्याच्या भाषेत बोलतो त्याला माहीत असतं की समोरचा चॅटच्या भाषेत उत्तर देणार आहे, दरवेळी देतच आलाय. तेव्हा 'कन्फर्म करा प्लीज' ही मोघम ओळ टाकणाऱ्यानेच ती नीट लिहायला हवी होती. या करारात दुष्काळाची सूट नाही, सगळ्या अटी मान्य असतील तर तुमचं पूर्ण नाव टाइप करून पाठवा, नुसतं मिळालं असेल तर 'मिळालं' लिहा. याला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट कंपनीच्या माणसाकडे होता, कारण त्याच बैठकीत त्याने कागद भरला होता, पेन घेऊन सही केली होती आणि फोटो काढला होता.